पुंजाराम वकील आणि मेंढीचा कान

अंबडच्या मुन्सफी कोर्टात पेशी आटोपली की बाकीचे वकील पान जमवायला बसत आणि पुंजाराम वकील आपल्या अशिलाला घेऊन कचेरीबाहेरच्या लिंबाखाली जाई. आत जे काही उर्दूत झालं ते तो तिथं बसून मराठीत पहिल्यापासून सांगे. मी हे विचारलं, समोरच्यानं हे उत्तर दिलं, मुन्सफसाहेबांनी एवढं लिहून घेतलं. आणि शेवटी, आवाज मुळीच न उतरवता, ‘आता इथं मी जरा चुकलो बरं का,’ असंही सांगे. ऐकणारा शेतकरी आधी वकिलाकडे बघे, मग वर लिंबाकडे बघे. आपला वकील आपल्या तोंडानं स्वतःची चूक सांगतोय, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागे.

बाकीच्या वकिलांनी या प्रकाराला ‘पुंजारामाची दुसरी पेशी’ असं नाव ठेवलं होतं. एक दिवस हा आपल्या हातानं आपल्याच दुकानाला कुलूप लावणार, असं त्यांचं ठाम मत. कुलूप काही लागलं नाही. निजामाचं राज्य जाईपर्यंत, म्हणजे चांगली चौदा वर्षं, ही दुसरी पेशी लिंबाखाली भरत राहिली. ती ज्या बाईमुळे सुरू झाली तिचं नाव न घेता पुंजारामाची गोष्ट सांगितली, तर ती शुद्ध लबाडी होईल. पुंजारामाला तर ते अजिबात खपलं नसतं.

पुंजाराम मूळचा वाटूरचा. घरची शेती, चार भाऊ, त्यात हा तिसरा. यानं औत धरलं की मातीतलं तास वाकडंच जायचं, म्हणून बापानं वैतागून शाळेत घातला. तिथं त्याला उर्दूचं वेड लागलं. कचेरीची भाषा उर्दू, शिक्क्यांची उर्दू, साहेबलोकांची उर्दू. वाटूरच्या पोराच्या तोंडून ती भाषा अशी काही गोड निघे, की मास्तर त्याला उभा करून इतरांना ऐकवायचे. पुढे जालन्याला राहून त्यानं वकिलीची परीक्षा दिली, तीही सगळ्यांत खालची. तेव्हा वकिलांचे तीन दर्जे असत: अव्वल, दुय्यम आणि सोयम. पुंजाराम सोयम. पण काळी शेरवानी चढवून मुन्सफासमोर उभा राहिला, की अव्वलवाल्यांनीही मान वळवून बघावं. त्याचं भाषण ऐकायला चपराशी हातातलं काम टाकून दाराशी येत. पुंजारामाला याची चटक लागली. खटला जिंकल्याचा आनंद असायचाच, पण एखादं वाक्य झोकात गेलं तर त्याला रात्रीचं जेवण दोन भाकरी जास्त जायचं. घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं.

सखूबाई त्याच्याकडे आली ती चौतीस साल नुकतंच लागलं होतं तेव्हा. तीर्थपुरीकडची, धनगराची बाई. वय चाळिशीचं, अंगानं काटक, बोलणं तोलूनमापून. नवरा कडूबा आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. मूलबाळ नव्हतं. दीर सांडू यानं नव्वद मेंढ्यांचा सगळा कळप आपल्याकडे ओढला आणि भावजयीला सांगितलं, भाकरी खाऊन गप राहा, मेंढ्यांचं नाव काढू नको. सखूबाईचं म्हणणं एवढंच होतं, की त्यातल्या सत्तावीस मेंढ्या तिच्या स्वतःच्या आहेत. लग्नात बापानं पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या, त्यांचीच ही वीस वर्षांतली पैदास. त्या मिळाल्या तर ती आपला वेगळा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, करून मानानं राहणार होती. नाही मिळाल्या तर उरलेला जन्म दिराच्या दारात, त्यानं टाकलेल्या तुकड्यावर.

‘घराच्या मेंढ्या म्या मागून राह्यले न्हाई, वकीलसायेब,’ ती म्हणाली. ‘त्या सांडूच्या पोटाला राहू द्या. माझ्या तेवढ्या मला द्या.’

‘पण नव्वदातनं तुझ्या ओळखायच्या कशा?’

‘कानावरनं.’

आणि तिनं मेंढ्यांच्या कानांबद्दल सांगायला सुरुवात केली. कुणाच्या घराण्याची खूण कशी, चीर कुठं पाडतात, टोक कुठं छाटतात. पुंजाराम वहीत लिहून घेत होता. म्हणजे हात लिहीत होता. डोकं कधीच कोर्टात जाऊन उभं राहिलं होतं आणि ‘निशान’ या शब्दाभोवती एक झकास वाक्य रचत होतं. सखूबाई बोलायची थांबली तेव्हा त्यानं वही मिटली आणि म्हणाला, ‘बिलकुल फिकीर करू नको, बाई.’

खटला उभा राहिला. सांडूची साक्ष झाली. सांडूनं सांगितलं, आमच्या घराची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक छाटलेलं. कळपातल्या त्रेसष्ट मेंढ्यांवर ती आहे. बाकीच्या सत्तावीस मेंढ्यांच्या डाव्या कानाला दोन चिरा आहेत, त्या मी जांब समर्थ गावातून विकत आणल्या. हे ऐकून पुंजारामाचा चेहरा उजळला. त्यानं मनाशी धरलं होतं, की बाई लग्न होऊन सासरी आली म्हणजे तिच्या मेंढ्यांवरही सासरचीच खूण पडणार. तेव्हा दोन चिरावाल्या मेंढ्या गेल्या उडत. आपल्याला त्रेसष्टांतून सत्तावीस काढायच्या आहेत. आणि ते वाक्य तर जिभेवर तयारच होतं. तो शेरवानीच्या कडा ओढून उभा राहिला.

‘हुजूर, धनगरों में जिसका निशान, उसका जानवर! जिन मेंढियों पर इस घर का निशान नहीं, उनसे मेरी मुवक्किला को कोई वास्ता नहीं!’

दाराशी उभ्या चपराशानं मान डोलावली. मुन्सफसाहेबांनी पेशकाराकडे पाहिलं, आणि ज्या मेंढ्यांवर या घराची खूण नाही त्यांच्याशी फिर्यादी बाईचा संबंध नाही, हे फिर्यादीच्या वकिलाला कबूल आहे, असं पेशकारानं कागदावर उतरवलं. मागे सखूबाई ताडकन उठून उभी राहिली होती. चपराशी ‘खामोश’ म्हणून धावला आणि तिला खाली बसवलं. पुंजारामाला वाटलं, बाईला उकाड्यानं घेरी आली. त्यानं मोठ्या मनानं तिला पाणी द्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘झालं का समदं बराबर?’

‘एकदम बराबर, बाई.’

ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ‘बरं’ म्हणाली आणि तीर्थपुरीच्या वाटेला लागली.

पंधरा दिवसांनी फैसला आला. घराची खूण असलेल्या मेंढ्या घराच्या. त्यातली एकही फिर्यादीची असल्याचा पुरावा नाही. उरलेल्या सत्तावीस मेंढ्यांशी फिर्यादीचा संबंध नाही, हे तिच्याच वकिलानं कबूल केलं आहे. दावा खारीज. पुंजारामानं कपाळाला हात लावून दाखवला आणि नशिबाच्या नावानं दोन शब्द बोलला. सखूबाई याही वेळी ‘बरं’ एवढंच म्हणून गेली. पुंजारामाला तिच्या शांतपणाचं कौतुकच वाटलं.

त्याच दुपारी दुसऱ्या एका अशिलासाठी त्यानं वही उघडली, तर हाताला नेमकं सखूबाईचं पान आलं. त्याच्याच हस्ताक्षरात, त्याच्याच काळ्या शाईत लिहिलेलं होतं: ‘पाचही मेंढ्या बापाच्या वाड्यातल्या. खूण बापाचीच, डाव्या कानाला दोन चिरा. सासरची खूण घालत नाहीत. पुढच्या कोकरांनाही बापाचीच.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘कारण, बाईवर वाईट वेळ आली तर तिचं तिला ओळखता यावं.’

ज्या सत्तावीस मेंढ्या तिच्या होत्या, नेमक्या त्याच त्यानं भर कोर्टात, झोकात, सांडूला देऊन टाकल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं होतं, यानं सगळं लिहिलं होतं, आणि एका टाळीच्या वाक्यापायी सगळं विसरला होता. त्यानं चोरट्यासारखं इकडे तिकडे पाहिलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं. बाईला उर्दू कळत नाही, अशी त्याची खात्री होती. पान एक होतं आणि फाडायला निमिषही लागलं नसतं. फाडायचा विचार आला होता, हे पुढे त्यानं कधी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो काकासाहेबांकडे गेला. काकासाहेब म्हणजे अंबडचे अव्वल दर्जाचे वकील. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज, आणि लहानमोठ्या सगळ्या वकिलांना अडीअडचणीला सल्ला देणारे. पुंजारामानं सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘ती माझ्यावर दावा करू शकेल का?’

‘अजिबात नाही,’ काकासाहेब म्हणाले. ‘कोर्टात उभं राहून बोललेल्या शब्दाबद्दल वकिलाला धरत नाहीत. विलायतेतले मोठमोठे जज्ज हेच सांगतात, आणि आपल्याकडे उलटं सांगायची कुणाची छाती नाही. जज्ज चुकला तर त्याच्यावर दावा होतो का? साक्षीदारावर होतो का? मग वकिलानंच काय घोडं मारलंय?’

‘पण काकासाहेब, आमच्या वाटूरला गवंड्यानं विहीर बांधली आणि भिंत खचली, तर त्यानं मुकाट पुन्हा बांधून दिली. मजुरी न घेता.’

‘गवंडी भिंत बांधत असतो तेव्हा दुसरा गवंडी तीच भिंत पलीकडून ढकलत उभा असतो का? आपल्यासमोर असतो! क्षणात ठरवावं लागतं, काय विचारायचं, काय सोडायचं. उद्या प्रत्येक शब्दासाठी घरदार विकावं लागेल असं कळलं, तर कोणता वकील तोंड उघडेल? अन् हरणारा तर प्रत्येक खटल्यात एक असतोच. तो दुसऱ्या दिवशी वकिलाच्या उंबऱ्यावर. म्हणजे एका खटल्याचे दोन, दोनाचे चार. न्याय व्हायचा कधी?’

पुंजारामाला हे सगळं पटलं. खरं सांगायचं तर, पटवून घ्यायलाच तो आला होता. मग उतरताना पायरीवर त्याला आठवलं, की त्या क्षणी आपण काहीच ठरवत नव्हतो. आपण दाराशी उभ्या चपराशाच्या मानेकडे बघत होतो.

पुढचे काही दिवस जेवण गोड लागेना. अपिलाची मुदत एका महिन्याची, आणि त्यातला एकेक दिवस सरत होता. शेवटी त्यानं बायकोला, दुर्गाबाईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. काकासाहेबांचा सगळा युक्तिवाद तिनं नीट ऐकून घेतला, सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, ‘कायद्यानं तिला दावा करता येत न्हाई म्हणता. तुम्हाला जाऊन सांगता बी येत न्हाई का?’

याला काकासाहेबांकडे उत्तर असतं की नाही कोण जाणे. पुंजारामानं उठून वहीतलं ते पान सोडवलं आणि खिशात घातलं.

निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेरीला सुट्टी. तो पहाटेच एका ओळखीच्याचं तट्टू घेऊन निघाला. सखूबाई आता चुलत्याच्या, म्हणजे कारभारीच्या आसऱ्याला होती, आणि कारभारीचा वाडा तीर्थपुरीच्या शिवेवर एका रानात बसला होता. पुंजारामाला तिला शोधावं लागलं नाही. वाड्यापासून बरीच अलीकडे, गाडीवाटेच्या कडेला, ती एकटीच चातीवर लोकर कातत बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही. चाती मात्र थांबली.

पुंजाराम तिच्यासमोर मातीतच बसला. त्यानं वहीचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. मग कोर्टात आपण उर्दूत काय बोललो, ते मराठीत सांगितलं. का बोललो, तेही सांगितलं. मुन्सफाची चूक नाही, नशिबाची नाही, सांडूच्या हुशारीची तर नाहीच, चूक माझी आहे, असं म्हणाला. ‘आन् सखूबाई, हे बी सांगतो,’ तो म्हणाला, ‘तुम्हाला माझ्यावर दावा लावता येत न्हाई. कायदा माझ्या बाजूनं हाय.’ तोवरच्या बोलण्यातलं ‘तू’ कुठं गळून पडलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिनं एकच विचारलं. ‘हे तुमाला कुणी सांगाया लावलं?’

‘बायको बोलली जरा. पण आलो मी माझ्या मनानं.’

‘बरं,’ ती म्हणाली. पण या वेळचं ‘बरं’ वेगळं होतं. तिनं चाती मांडीवर ठेवली. ‘वकीलसायेब, गावातली माणसं त्यांच्या दोनदोन, चारचार मेंढ्या आमच्याकडं राखणीला घालतात. ठावं हाय न्हवं? मंग कव्हा लांडगा येतो, एखादी उचलून नेतो. तव्हा राखण्यानं काय करायचं?’

‘भरून द्यायची.’

‘न्हाई. राखण्या रानात हिंडतो, हाडकं हुडकतो, आन् त्या मेंढीचा कान घेऊन धन्याच्या दारात जातो. धनी खूण बघतो. माझीच मेंढी, म्हनतो. राखण्या सांगतो, कशी गेली, म्या कुठं व्हतो, माझा डोळा लागल्ता का न्हवता. कान दावला, खरं सांगितलं, की तो सुटला. त्याच्याकून भरपाई घेत न्हाईत. घेतली तर उद्या कोण राखील मेंढ्या? लांडगा काय राखण्याला इचारून येतो?’

काकासाहेबांचा अव्वल दर्जाचा युक्तिवाद ही बाई मातीत बसून, चार वाक्यांत सांगत होती. पुंजाराम तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

‘पर ज्यानं कान दावला न्हाई,’ ती पुढं म्हणाली, ‘त्यानं मेंढी भरायची. मंग लांडग्यानं नेली असू दे का कुणी बी. तुमी कान घेऊन आलात. मला तुमच्याकून काय बी नको.’

पुंजारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मला थोडंफार तरी भरून देऊ द्या, माझ्या जिवाला बरं वाटेल. त्यावर सखूबाई प्रथमच हसली.

‘भरून काय देता? माझ्या मेंढ्या काय मेल्या न्हाईत. सांडूच्या वाड्यात चरून राह्यल्यात. आणून द्या की!’

आणून देण्याचा रस्ता एकच होता, आणि तो पुंजारामाच्या पायाखालून जात होता. औरंगाबादेच्या अदालतीत अपील करायचं आणि पुंजारामानं शपथेवर लिहून द्यायचं, की ती कबुली अशिलाची नव्हती, अशिलानं नेमकं उलट सांगितलं होतं, आणि हे पाहा माझ्या वहीचं पान. काकासाहेबांनी हे ऐकलं आणि ते कडाडले. कायद्यानं दिलेली ढाल हा मूर्ख स्वतःहून खाली ठेवतोय. सनद गेली तर वाटूरला जाऊन वाकडं तास काढत बसेल! अर्धा तास ओरडून झाल्यावर त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, ‘तू साक्षीदार होणार म्हणजे तुला वकील म्हणून उभं राहता येणार नाही. कागद इकडे आण. मी उभा राहतो.’ पुंजाराम त्यांच्या पाया पडला. फीचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

मुदतीचे चार दिवस शिल्लक असताना अपील दाखल झालं. जालन्याहून आगगाडीनं पुंजाराम औरंगाबादेला गेला तेव्हा शेरवानी अंगावर होती, पण जन्मात प्रथमच तिच्या कडा त्यानं ओढल्या नाहीत. जज्जसाहेबांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ‘आपको मालूम था, आपसे कोई जवाब नहीं माँग सकता था?’

‘मालूम था, हुजूर.’ एवढ्या तीनच शब्दांचं, मानेला एकही झटका नसलेलं उर्दू पुंजाराम त्याआधी कधी बोलला नव्हता.

खटला पुन्हा चालवायला अंबडला परत आला. निष्काळजीपणाबद्दल पुंजारामाची सनद तीन महिने बंद राहिली. काकासाहेबांनी कारभारीला उभं केलं. कारभारीनं दोन चिरांची घराण्याची खूण शपथेवर सांगितली, आणि सांडूला त्या मेंढ्या जांब समर्थात कुणाकडून घेतल्या त्याचं नाव सांगता येईना. सत्तावीसांपैकी पाच सांडूनं मधल्या मधे विकून टाकल्या होत्या. बावीस सखूबाईला मिळाल्या. त्या दिवशी ती कळप हाकत अंबडच्या बाजारातून गेली, तेव्हा पुंजाराम रस्त्याच्या कडेला उभा राहून एकेका मेंढीचा डावा कान बघत होता.

सनद बंद असलेल्या तीन महिन्यांत त्याच्या दारात दर बाजारी कुणी ना कुणी धनगर येई आणि ज्वारीचं गाठोडं ठेवून जाई. सखूबाईनं धाडलं, एवढंच सांगे. दिवाळीच्या कातरणीनंतर एक काळं घोंगडं आलं, त्याच बावीस मेंढ्यांच्या लोकरीचं. पुंजारामानं ते बैठकीत आपल्या बसायच्या जागी अंथरलं. उन्हाळ्यात ते टोचायचं आणि दुर्गाबाई म्हणायची, उचला आता. तो उचलायचा नाही. पुन्हा सनद मिळाल्यावर पहिल्याच पेशीनंतर तो अशिलाला लिंबाखाली घेऊन गेला, तिथून दुसरी पेशी सुरू झाली. लोक हसले आणि लोकच आले. स्वतःची चूक सांगतो म्हटल्यावर याच्या बाकीच्या बोलण्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असं खेड्यापाड्यांतल्या माणसांनी ठरवून टाकलं. चुकला म्हणून त्याच्या दारात भांडायला कुणी आलं नाही असं नाही. दोघंतिघं आले. पण त्यांनाही भांडायला काय आहे, ते यानंच सांगितलेलं असायचं.

दर वर्षी कातरणीच्या वेळी तो सखूबाईच्या वाड्यावर जायचा. सेहेचाळीस सालीही गेला. ती आता पार पिकली होती. कळप साठावर गेला होता. तो पोचला तेव्हा लोकर घ्यायला जालन्याचा एक व्यापारी आला होता, आणि सखूबाई त्याच्याशी भाव करत होती. पुंजाराम बाभळीखाली टेकला आणि एकदम ताठ झाला. सखूबाई फडाफडा दखनी, म्हणजे इकडची उर्दूच, बोलत होती. ‘क्या बाताँ करते मियाँ, पिछले साल का ऊन अलग था, ये देखो, हात लगा के देखो!’ व्यापाऱ्याच्या नाकी नऊ आले होते.

तो गेल्यावर पुंजारामानं विचारलं, ‘सखूबाई, तुम्हाला ही भाषा कव्हापासून येते?’

‘लहानपणापासनं. बाप मेंढ्या घेऊन पार बिदरपातुर जात व्हता. तिकडं हीच बोली. काहून?’

बारा वर्षांपूर्वीचं ते कोर्ट पुंजारामाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. ताडकन उठलेली बाई. ‘खामोश’ म्हणून धावलेला चपराशी. आपण द्यायला लावलेलं पाणी.

‘म्हंजे त्या दिवशी...’

‘समदं कळल्तं,’ सखूबाई म्हणाली. ‘येवढं मोठ्यांदा बोलत व्हतात तुमी.’

‘मंग तव्हाच काहून बोलल्या न्हाई? बाहेर आल्यावर तरी?’

‘म्या तुमाला समदं सांगितलं व्हतं, तुमी लिव्हलं व्हतं. मला वाटलं, वकिलाचा काही डाव असंल. मंग फैसला झाला, आन् कळलं, डाव न्हवता. कारभारीतात्या म्हनला, वकील फुटला, सांडूनं फितवला त्याला. दुसरा वकील कर, जल्दी कर. म्या म्हनलं, थांबा. फुटला असंल तर तोंड दावनार न्हाई. चुकला असंल तर कान घेऊन येईल.’

‘पण मी आलो नसतो तर? मुदत सरली असती, सखूबाई! मेंढ्या गेल्या असत्या कायमच्या!’

‘मुदत म्या बोटावर मोजत व्हते. पंचविसाव्या दिशी तात्या मला दुसऱ्या वकिलाकडं नेणारच व्हता. तवर मातर म्या त्या गाडीवाटंला रोज जाऊन बसले. तुमी अकराव्या दिशी आलात.’

‘निदान एक माणूस धाडायचा. मला बोलवायचं.’

सखूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लेकराकडे बघतात. ‘राखण्याच्या मागं जाऊन कुणी कान मागतं व्हय? मागून आणलेल्या कानाला काय किंमत? त्यानं आपल्या पायानं आणावा लागतो.’

इतकी वर्षं पुंजाराम समजत होता, की तिला ठाऊक नसलेलं एक सत्य आपण त्या शुक्रवारी तिच्या पदरात टाकलं. त्याचा थोडा अभिमानही होता त्याला, का नसावा. आता त्याला दिसलं ते निराळंच. सगळं ठाऊक असलेली एक बाई, तिचं सर्वस्व पणाला लागलेलं असताना, सगळे ‘फुटला, फुटला’ म्हणत असताना, अकरा दिवस रस्त्याकडे तोंड करून बसली होती. एका सोयम दर्जाच्या माणसाला चांगलं वागायला वेळ मिळावा म्हणून. त्याला फार भरून आलं. हे उपकार कुठल्या कोर्टात आणि कुठल्या भाषेत मांडायचे, ते त्याला सुचेना. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. ती ‘आरं, हे काय करून राह्यले वकीलसायेब’ म्हणत मागं सरकली.

मग ती चहा ठेवायला उठली, आणि पुंजाराम तिच्या जागेवर बसून कळपाकडे बघत राहिला. पलीकडून ती गाडीवाट दिसत होती, थेट अंबडच्या बाजूची.